मंगशिरातलं ऊन

पहिला दिवा झकास लागला. दुसराही लागला. तिसरा लागला तेव्हा पायरीवर बसलेले पांडूतात्या डोळे बारीक करून म्हणाले, "सुयोग, ह्यो दिवा हाय की काजवा रे?"

अख्खी वाडी हसली. आई पण हसली. ते जास्त लागलं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. कॉलेज पहिल्याच वर्षी सोडलेलं. पण वाडीत कुणाचा मिक्सर अडला, चार्जर जळला की हाक मलाच. सगळे मला इंजिनेर म्हणायचे. थट्टेत म्हणायचे, पण म्हणायचे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

आमची वाडी डोंगराच्या कुशीत. खाली डांबरी रस्ता, तिथे एसटी थांबते. तिथून वर यायला पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या एकशे बारा पायऱ्या. रस्त्यावर विजेचे खांब आहेत, पाखाडीवर एकही नाही. अर्ज करून करून वाडीचा कारभार बघणारे गावकर पांडूतात्या म्हातारे झाले. सांजेची एसटी आली की बायाबापड्या मोबाइलची बॅटरी तोंडात धरून, हातात पिशव्या घेऊन चढायच्या.

तर मी ठरवलं होतं, पाखाडीवर सोलरचे दिवे लावायचे. तीन महिने व्हिडिओ बघितले. वहीभर चित्रं काढली. एक छोटं पॅनल आणलं, भंगारात गेलेल्या टेम्पोची बॅटरी आणली, आणि मे महिन्यातल्या एका संध्याकाळी सगळ्या वाडीला बोलावून तीन दिवे लावून दाखवले.

तिसरा काजवा निघाला.

"बॅटरी जुनी आहे," मी म्हटलं. "नवीन आणली की होईल."

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. हळूच.

"बॅटरी नाही. वायर बारीक आहे."

रसिका वहिनी. लग्न होऊन बारा दिवस झाले होते. हातातला हिरवा चुडा अजून तसाच. दादा नवव्या दिवशीच मुंबईला परत गेलेला, कंपनीच्या कँटीनमध्ये सुट्टी मिळत नाही म्हणून.

सगळे तिच्याकडे वळले. तिने पदर नीट केला, घरात गेली, आणि येताना हातात लाल रंगाचा मल्टिमीटर. लग्नाच्या बॅगेतून आणलेला! लोकांच्या सुना बॅगेतून साड्या काढतात.

तिने बॅटरीवर दोन टोकं लावली. मग साठ पायऱ्या चढून शेवटच्या दिव्याला लावली. वरून ओरडली, "खाली बारा पॉइंट चार, इथे साडेनऊ! भावोजी, ही दारावरच्या बेलची वायर आहे हो. वरपर्यंत येईस्तोवर तिचा दम संपतो. जाड घ्या."

"कुठं शिकलीस गो?" तात्यांनी विचारलं.

"तालुक्याला. आयटीआय. वायरमन."

"मग बोलली नायस ती?"

"कुणी विचारलंच नाही."

परत सगळे हसले. पण हे हसणं वेगळं होतं. मघाशी मला हसले होते, आता तिच्याबरोबर हसत होते. असला फरक लगेच कळतो माणसाला.

त्या दिवसापासून माझं इंजिनेरपण संपलं.

मिक्सर तिच्याकडे जायला लागले. इस्त्र्या तिच्याकडे. शेजारची काकू माझ्या समोरून पंखा घेऊन गेली आणि म्हणाली, "तुझी वहिनी हाय का रे घरात?" टेस्टर ती अंबाड्यात खोचून ठेवायची, गजरा खोचावा तसा. आई सगळ्यांना कौतुकाने दाखवायची. मी तीन वर्षं टेस्टर खिशात घालून फिरत होतो, माझा आईने कधी कुणाला दाखवला नाही.

आणि पाखाडीचे दिवे? ते पण तिचे झाले. तात्यांनी देवळात बसून सांगून टाकलं, "सूनबाई, तूच कर. सुयोग येईल हाताखाली."

हाताखाली.

तिने सगळा हिशेब लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर केला. आठ खांब, पाच-पाच वॉटचे दिवे, सातला लागतील, बाराला बंद. त्यावरून पॅनल केवढं, बॅटरी केवढी. दोन दिवस ऊन नाही पडलं तरी पुरली पाहिजे. माझी वही तिथेच फळीवर होती. त्यात तीन महिन्यांची चित्रं होती, दिव्यांना रंग दिलेले. ती एकदा म्हणाली, "भावोजी, तुमची वही दाखवा ना." मी म्हटलं, "त्यात काही नाही." आता वाटतं, दाखवली असती तर काम दोघांचं झालं असतं आणि पुढचं काहीच झालं नसतं.

पॅनल कुठे बसवायचं हे ठरवायला तिने दोन दिवस घेतले. आमचा गोठा पाखाडीच्या बरोबर मध्यावर. वायर दोन्हीकडे सारखी जाते. तिने गोठ्याच्या छपरावर एक काठी उभी केली आणि सकाळपासून तिची सावली खडूने कौलांवर आखली. आठपासून पाचपर्यंत ऊन. मध्ये काही आडवं नाही. मे महिन्याचं ऊन, डोक्यावर आग ओतणारं.

ती खाली उतरली, हात झटकले, आणि मला विचारलं, "भावोजी, इथे सावली येते का हो कधी?"

साधा प्रश्न. मी गोठ्याकडे बघितलं. त्याच्या मागे, दक्षिणेला थोडा पश्चिमेकडे, टेंबा आहे. टेंबा म्हणजे आमच्या भाषेत छोटी टेकडी. त्याच्या माथ्यावर बांबूचं बेट.

मी म्हटलं, "आता तर नाही दिसत."

"मग इथेच," ती म्हणाली, आणि खडूने कौलावर मोठी फुली मारली.

मला माहीत होतं.

ऊन उन्हाळ्यात डोक्यावरून जातं आणि हिवाळ्यात खाली, दक्षिणेच्या बाजूने घसरत जातं. हे मला व्हिडिओतून कळायची गरजच नव्हती. मंगशिर, म्हणजे मार्गशीर्ष, लागला की टेंबा आमच्या गोठ्याचं ऊन दुपारीच खातो. दीड वाजता. सकाळी नदीवरचं धुकं साडेनऊशिवाय हटत नाही. राहिलं काय? चार तास, ते पण कोवळे. ती वैशाखात लग्न होऊन आलेली. तिने आमच्याकडचा हिवाळा बघितलाच नव्हता.

मी खोटं काही बोललो नव्हतो. मे महिन्यात सावली दिसतच नव्हती. हे मी स्वतःला खूप वेळा सांगितलं.

गणपतीला वाडीचे मुंबईकर आले, वर्गणी निघाली, सामान आलं, दसऱ्याला दिवे लागले. आठही. सारखे. पाखाडी खालून वर बघितली तर माळ घातल्यासारखी. आई शेवटच्या पायरीवर उभी राहून रडली. तात्यांनी वहिनीच्या हाताने नारळ फोडायला लावला. त्यांच्या हयातीत पाखाडीवर बाईने नारळ फोडलेला मी बघितला नव्हता. मी खाली बॅटरीच्या पेटीचं झाकण धरून उभा. फोटोत माझा एक कान आलाय.

दादाला फोनवर फोटो गेले. वरच्या वाडीचे लोक येऊन बघून गेले. म्हणाले, देवदिवाळी होऊ दे, मग आमच्याकडे पण करा. वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी दादाबद्दल बोलली. "तुमचे दादा म्हणतात मुंबईला चल. दहा बाय दहाची खोली, तिघं जण राहतात. मी म्हटलं, मला इथे काम मिळालं तर इथेच राहते. ते म्हणाले, देवदिवाळीपर्यंत बघू. वरची वाडी हो म्हणाली ना, की झालं."

मी "हो का" म्हटलं. मनात मोजायला लागलो. देवदिवाळीला दोन महिने.

आता हे सांगायला लाज वाटते. पण मी रोज संध्याकाळी पाखाडीवर जाऊन बसायचो. लोकांना वाटायचं, पोरगा लक्ष ठेवतोय. मी वाट बघत होतो. दिवा जरा फडफडला की मी आशेने उठून जवळ जायचो. किडा बसलेला असायचा.

कार्तिक संपत आला तसा टेंबा सरकायला लागला. सरकत होतं ऊनच, पण मला टेंबाच माझ्या बाजूने चालत येतोय असं वाटायचं. आधी दिवे अकराला गेले. मग दहाला. मग नऊ.

वहिनीने सगळं उघडलं. जोड तपासले, बॅटरीत पाणी बघितलं, पॅनल पुसलं. सकाळी दहा-साडेदहाला मीटर लावून बघायची, पॅनल अगदी बरोबर. कारण तेव्हा ऊन असायचं. दुपारी ती आईबरोबर शेतात, नाचणीच्या कापणीला.

एकदा तिने मला विचारलं, "भावोजी, तुम्हाला काय वाटतं?"

"बॅटरी खराब लागली असेल," मी म्हटलं.

ह्या वेळी मात्र खोटंच बोललो.

देवदिवाळीला, मंगशिराच्या पहिल्याच दिवशी, खाली ग्रामदेवीच्या देवळात सगळी वाडी जाते. बायका ताटात पणत्या घेऊन. आरती होऊन परत निघालो तेव्हा आठ वाजत आले असतील. पुढे पोरं, मध्ये बायका, मागे तात्या काठी टेकत. वरच्या वाडीचे चार-पाच जण मुद्दाम दिवे बघायला आलेले.

पस्तिसाव्या पायरीवर असताना दिवे गेले. आठही. एकदम.

कुणी पडलं नाही. तसं काही झालं नाही. फक्त दोन-तीन ताटं कलंडली, पणत्या पायऱ्यांवरून गडगडत गेल्या, आणि अंधारात वरच्या वाडीचा एक जण म्हणाला, "काय हो तात्या, सून दमली वाटतं तुमची."

हशा. मग मोबाइल निघाले, तीच जुनी पद्धत. काकू म्हणाली, "सुयोगचा काजवा तरी बरा होता."

माझं नाव निघालं. चांगल्या अर्थाने निघालं. सहा महिने ह्याच वाक्याची वाट बघितली होती. आणि मी मोबाइलचा उजेड वर केला तर समोर वहिनी. तिने ताट दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं, आणि ओठ हलत होते. ती मोजत होती. आठ खांब, पाच वॉट, किती तास. परत पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. आईने स्पीकरवर ठेवला होता.

"पुरे झालं आता. लोक फोन करून हसतात मला. पौष लागायच्या आत इकडे ये."

"मला आठ दिवस द्या," वहिनी म्हणाली.

"कशाला?"

"कळलं पाहिजे मला. का गेले ते."

"कळून काय करणार आहेस?"

आई चुलीपुढे बसलेली, ती फोनकडे न बघता म्हणाली, "हिला नेऊ नको रे. घरात बोलायला कोण तरी होतं मला." मी तिथेच होतो. बावीस वर्षं त्याच घरात होतो.

पुढच्या दिवशी वहिनी कापणीला गेली नाही. सकाळी सातलाच शिडी लावून गोठ्याच्या छपरावर चढली. मेमधली ती काठी परत उभी केली. हातात खडू. धुकं हटल्यावर दर अर्ध्या तासाने रेघ. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, अंबाड्यात टेस्टर. मी ओटीवरून बघत होतो. मध्ये फक्त अंगण. तीस पावलं असतील. उठून जायचं आणि म्हणायचं, वहिनी, खाली या, दीडला टेंब्याची सावली येते. एवढंच. मी चार वेळा उठलो. चार वेळा पाणी पिऊन बसलो.

गोठ्यासमोर आईने उकडलेलं भात, म्हणजे सालासकटचे दाणे, वाळत घातलेलं, तरटावर.

दीड वाजला. टेंब्याची सावली गोठ्याच्या मागून वर चढली, कौलांवर आली, आणि पॅनलवरून अशी सरकली की जणू कुणी पांघरूण ओढलं. वहिनी खडू हातात धरून नुसती बघत राहिली. मग तिने मान वर करून टेंब्याकडे बघितलं.

आणि तेवढ्यात आई आली. तरटाचं टोक धरून भात ओढायला लागली.

"आई, कुठे नेता?" वहिनीने वरून विचारलं.

"वरच्या खळ्यात. अगो, मंगशिरात इथं ऊन थांबतंय थोडंच? दीड वाजला की टेंब्याआड. उन्हाळ्यात चालतं इथं, आता वरतीच." आई हसली. माझ्याकडे बोट केलं. "ह्याला विचार की! ल्हान होता तेव्हा ह्यालाच बसवायचे राखणीला. कोंबड्या हाकायच्या आणि सावली आली की तरट ओढायचं. एकदा मेला झोपला, तर सगळं भात सावलीत रवलं. काय मार खाल्लान माझा!"

आई तरट ओढत निघून गेली.

वहिनी माझ्याकडे बघत होती. मी ओटीवर, ती छपरावर. कोंबड्या उरलेले दाणे वेचत होत्या, त्यांना हाकायला पण मी हललो नाही.

मग ती म्हणाली, "भावोजी, शिडी धरता?"

मी गेलो. शिडी धरली. ती पॅनलचे बोल्ट काढायला लागली. खालून मला फक्त तिच्या टाचा दिसत होत्या, भेगा पडलेल्या, कापणीच्या.

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"आता तर नाही दिसत, म्हणालात."

"हो."

बोल्ट घट्ट बसलेला. तिने दोनदा जोर लावला.

"मोठा पान्हा द्या."

मी दिला. बस. एवढंच बोलणं झालं आमचं त्या विषयावर. आजपर्यंत.

वरच्या खळ्यापर्यंत वायर न्यायला चर खणायचा होता. सगळा जांभा, कुदळ आपटली की ठिणगी. तिने मला सांगितलं नव्हतं. मी दुपारी सुरू केलं आणि दिवस मावळेपर्यंत खणला. हाताला फोड आले. आई म्हणाली, "आता कसं अंगात आलं मेल्याच्या." वहिनी पाण्याचा तांब्या चराच्या काठावर ठेवून गेली. हातात दिला नाही. ठेवून गेली.

तीन दिवसांत बॅटरी भरली. चौथ्या दिवशी तात्यांनी देवळात सगळ्यांना बसवलं. वरच्या वाडीचे पण आले. मी खांबाला टेकून बसलो. ठरवलं होतं, ती बोलली की मान खाली घालायची. काही सफाई द्यायची नाही.

"चूक माझी," वहिनी म्हणाली. "जागा चुकली. मी उन्हाळ्याचं ऊन बघून जागा धरली, हिवाळ्याचं बघितलं नाही. आता पॅनल वरच्या खळ्यात आहे. आठवडाभर बघा, मग बोला."

"अगो, पण हा सुयोग इथलाच ना," तात्या म्हणाले. "ह्याला विचारायचंस."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"विचारायचं राहिलं," ती म्हणाली.

तुम्हाला वाटेल, मला हलकं वाटलं असेल. नाही वाटलं. मला राग आला. एवढ्या लोकांसमोर मला उघडं पाडायची संधी, आणि हिने ती अशी बाजूला ठेवली, जेवताना ताटातली मिरची ठेवावी तशी. माझ्याकडून हे झालं नसतं. मला माहीत होतं, झालं नसतं. इथे पण तीच पुढे.

दिवे त्या हिवाळ्यात बाराला पाच कमी असताना सुद्धा गेले नाहीत. वरच्या वाडीने काम दिलं. मग खालच्या गावाच्या शाळेच्या अंगणाचं आलं. दादा पौषात न्यायला आला तो आईच्या हातचं जेवून, चार दिवस पाखाडी खाली-वर करून एकटाच परत गेला. दोन वर्षांनी कँटीन सोडून तोच इकडे आला.

ह्याला आता अकरा वर्षं झाली. तालुक्याच्या नाक्यावर आमचं दुकान आहे. आमचं म्हणजे, पाटीवर तिचं नाव आहे. मी छपरावर चढतो, ती खालून सांगते. गिऱ्हाइकं फोनवर मला विचारतात, "वहिनी येणार आहेत ना?" अजून ते लागतं. कमी झालंय, गेलं नाही.

पण एक गोष्ट मी करतो. कुठल्याही घरी गेलो की आधी पॅनल, वायर, काही नाही. त्या घरातली सगळ्यात म्हातारी बाई शोधतो.

गेल्या महिन्यात एका घरी असाच गेलो. अंगणात चार दिवे आणि विहिरीच्या वाटेवर दोन, एवढंच काम. कोपऱ्यात आजी सुपारी कातरत बसलेली.

"आजी, मंगशिरात वाळवण कुठे घालता?"

आजीने अडकित्त्याने विहिरीपलीकडचा कट्टा दाखवला. "तिकडं. इकडं माडांची सावली येते नंतर."

मी शिडी उचलून कट्ट्यापलीकडच्या पडवीला लावली. घराचा मालक बघतच राहिला. शिकलेला माणूस, पुण्याहून निवृत्त होऊन आलेला.

"वा! होकायंत्र नाही, ॲप नाही. हे कुठे शिकलात तुम्ही?"

मी अर्ध्या शिडीवर होतो. खाली वहिनी, दोन्ही हातांनी शिडी धरून. अंबाड्यात टेस्टर. थोडे केस पांढरे झालेत आता.

सांगायला एक वाक्य लागलं असतं.

"यूट्यूबवर," मी म्हटलं.

शिडी जरासुद्धा हलली नाही.